खर्जाची मशागत

(द्वितीय वर्ष कला)

तंबोऱ्याला साधारणतः चार तारा असतात. पहिली पंचमाची (रागाप्रमाणे ती मध्यमाला किंवा निषादालाही लावतात), मधल्या दोन षड्जाच्या, त्यांना जोड म्हणतात, आणि चौथी, सगळ्यांत जाड, पितळेची, ती खर्जाची. ही तार मंद्र सप्तकातल्या सा ला मिळवतात. ऐकणाऱ्याचे लक्ष सहसा तिच्याकडे जात नाही. परंतु मैफलीत ती जरा उतरली की सगळा तंबोरा पोकळ वाटू लागतो आणि गवई गाता गाता मागे वळून पाहतो. 'खर्ज' हा शब्दही 'षड्ज' या शब्दाचाच झिजलेला अवतार आहे. उत्तरेकडे 'ष'चा उच्चार 'ख' करतात, त्यातून षड्जाचे खडज, खरज आणि आपल्याकडे खर्ज झाले. आपण बोलतानाही 'खर्जातला आवाज' असे म्हणतो, तेव्हा आपल्याला हाच खालचा सा अभिप्रेत असतो.

प्रस्तुत लेखात या खालच्या स्वरांविषयी, आणि ते मजबूत करण्यासाठी जी मेहनत करतात तिच्याविषयी, मला उमगले तेवढे सांगायचे आहे. मी काही गायिका नाही. गेली दोन वर्षे चोपड्याला कॉलेजच्या निमित्ताने येते आणि आठवड्यातून दोन दिवस एका बाईंकडे गाणे शिकते, एवढाच माझा अधिकार. घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच असल्याने पुस्तकातले काही कळले की ते लगेच कोणाला तरी सांगावे असे मला होते. वाचकांनी हा लेख त्याच भावनेने घ्यावा.

आपल्या खान्देशात खर्जाला फारसे कोणी विचारत नाही, असे माझे निरीक्षण आहे. याला कारणही आहे. आपले गाणे उघड्यावरचे. वहीगायन घ्या, श्रावणातल्या कानबाईच्या रोटांची गाणी घ्या, की एकादशीचे भजन घ्या, आवाज अंगणापलीकडे गेला पाहिजे ही पहिली अट. मृदंग, टाळ आणि वीस माणसांचा गलका यांतून खालचा स्वर वर येतच नाही. म्हणून पेटीवाला काळी चार किंवा काळी पाच धरतो आणि ज्याला तिथे गाता येते तो गवई ठरतो. नाट्यसंगीताचेही तसेच झाले. १८८० साली पुण्यात 'संगीत शाकुंतल' रंगभूमीवर आले. तेव्हापासून पुढची पन्नासएक वर्षे नटाला ध्वनिक्षेपकाशिवाय शेवटच्या रांगेपर्यंत पोचायचे होते. तेव्हा उंच पट्टी ही हौस नव्हती, ती गरज होती. पुढे ध्वनिक्षेपक आला, आकाशवाणी आली, आणि हळू, खाली गायलेलेही घराघरांत ऐकू येऊ लागले. १९५५-५६ साली पुणे आकाशवाणीवरून 'गीतरामायण' झाले. सुधीर फडके यांचे ते गाणे नाटकगृहाच्या शेवटच्या रांगेसाठी नव्हते, ते रेडिओशेजारी बसलेल्या माणसासाठी होते. पण ध्वनिक्षेपक आला तरी आमच्या गावची पट्टी मात्र खाली आली नाही. सवय म्हणा, अभिमान म्हणा. शिवाय लता मंगेशकरांचे आजोळ थाळनेर, म्हणजे आमच्या तापीकाठचेच. तेव्हा बाईचा आवाज म्हटला की तो तार सप्तकात चमकणारा, याविषयी आमच्याकडे दुमत नाही.

आणि माझा आवाज पडला जाड. नववीत असताना शाळेत पाहुणे यायचे होते, म्हणून स्वागतगीत बसवले होते. तालमीत मला सांगण्यात आले, "तू रांगेत उभी राहा, पण नुसते ओठ हलव." आमची आजी तर कौतुकानेच म्हणायची, "पोरी, तुना आवाज ते गडीमाणूसना शे." फोनवर मी 'हॅलो' म्हटले की समोरचा मला 'भाऊ' म्हणतो. हे सांगण्याचे कारण असे की, बाईंकडे गेले तेव्हा माझा आवाज उंच करून मिळेल अशी माझी आशा होती. बाईंनी पेटीवर माझा आवाज वर नेऊन पाहिला, खाली नेऊन पाहिला आणि म्हणाल्या, "वरचे पुढे बघू. तुझे धन खाली आहे, आणि तिथेही तण माजले आहे. आधी खर्ज भर."

खर्ज भरणे हा गवयांचा शब्द. पहाटे उठून मंद्र सप्तकातल्या एकेका स्वरावर दीर्घकाळ थांबायचे, याला खर्ज भरणे किंवा खर्जसाधना म्हणतात. ध्रुपद गायकांत या मेहनतीला फार मान आहे. पनवेलजवळ पळस्पे येथे झिया मोहिउद्दीन डागर (१९२९-१९९०) आणि त्यांचे धाकटे बंधू झिया फरीदुद्दीन डागर (१९३२-२०१३) यांनी गुरुकुल चालवले. थोरले रुद्रवीणा वाजवीत, धाकटे गात. त्यांच्या परंपरेतला आलाप ज्यांनी ऐकला असेल त्यांना मंद्रात किती जागा असते हे सांगायला नको. ख्यालात इंदूरचे अमीर खाँ (१९१२-१९७४) यांनी मंद्र सप्तकाला असेच मोठे स्थान दिले. मिरजेत राहिलेले अब्दुल करीम खाँ (१८७२-१९३७) स्वतः उंच, बारीक आवाजात गात. तरीही त्यांच्या किराणा घराण्याची बढत एकेक स्वर घेत खालून वर येते, आणि त्या घराण्यात हिराबाई बडोदेकरांचा नाजूक आवाज जसा शोभला तसा गंगूबाई हनगळांचा भरदारही शोभला.

गंगूबाईंविषयी (१९१३-२००९) थोडे अधिक लिहिते, कारण माझ्या दृष्टीने या लेखातले खरे उदाहरण त्याच आहेत. त्या मूळच्या धारवाडच्या, राहिल्या हुबळीला. गुरू सवाई गंधर्व कुंदगोळला राहत, तेथे त्या आगगाडीने ये-जा करून शिकल्या. १९३० नंतरच्या दशकात 'गांधारी' या नावाने त्यांच्या ध्वनिमुद्रिका निघाल्या. त्यांतला आवाज ऐकला तर तो उंच आणि बारीक आहे. पुढे घशाचा विकार झाला, त्यावर उपचार झाले आणि आवाज खाली उतरून पुरुषी म्हणावा इतका जाड झाला. दुसऱ्या एखादीने तंबोरा खुंटीला टांगला असता. त्यांनी पट्टी खाली घेतली आणि त्याच आवाजात पुढे अनेक दशके गायल्या. २००२ साली त्यांना पद्मविभूषण मिळाले. बाईंनी मला मोबाईलवर त्यांचे जुने आणि नंतरचे गाणे लागोपाठ ऐकवले. मी आजीलाही ऐकवले. ती बराच वेळ ऐकत राहिली आणि मग म्हणाली, "ही बाई शे?"

आता घशात नेमके काय होते ते पाहू. आपल्या स्वरयंत्रात दोन घड्या समोरासमोर असतात. त्यांना स्वरतंतू म्हणतात, पण तंतू म्हणजे सुतासारखे काही नव्हे, त्या स्नायूच्या मऊ घड्या आहेत. फुप्फुसातून येणारी हवा त्यांना हलवते आणि आवाज निर्माण होतो. जिवंत माणूस गात असताना हे कसे दिसते, ते प्रथम नीट पाहून सांगितले मान्युएल गार्सिया या मूळच्या स्पॅनिश गृहस्थाने, १८५४ साली. तो डॉक्टर नव्हता, गाणे शिकवणारा मास्तर होता! दाताच्या डॉक्टरचा लांब दांडीचा आरसा घशात धरून आणि सूर्यप्रकाश आत पाडून त्याने स्वतःचाच घसा पाहिला. या गृहस्थाला १०१ वर्षांचे आयुष्य लाभले. गाणाऱ्यांनी हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

पुरुषांचे स्वरतंतू साधारणपणे १७ ते २५ मिलिमीटर, तर बायकांचे साडेबारा ते साडेसतरा मिलिमीटर लांबीचे असतात. लांब आणि जाड तार सावकाश हलते, म्हणून स्वर खाली. पुरुषाने काळी एक हा सा धरला तर स्वरतंतू सेकंदाला सुमारे १३९ वेळा हलतात. त्याचा मंद्र सा बरोबर निम्म्यावर, म्हणजे ६९ च्या आसपास. माझ्याबरोबर शिकणाऱ्या एका मैत्रिणीचा सा काळी पाच आहे, म्हणजे सुमारे २३३. माझा पांढरी चार, सुमारे १७५. गंमत अशी की तिचा मंद्र पंचम आणि माझा मध्य षड्ज हे एकच स्वर आहेत. ती जिथे कष्टाने उतरते तिथे मी उभीच असते.

वर जाताना स्वरतंतू ताणले जाऊन पातळ होतात. खाली येताना ते आखूड, जाड आणि सैल होतात. यात 'सैल' हा शब्द महत्त्वाचा. खालचा स्वर हा जोर लावून मिळणारा स्वर नव्हे. आपण बहुतेकजण नेमके उलट करतो. खालचा स्वर लावायचा म्हटले की हनुवटी छातीला टेकवतो, जीभ मागे ओढतो, गळ्यातले हाड (पुरुषांत ते दिसते) खाली दाबतो आणि मोठ्याने आवाज काढायला जातो. त्यामुळे आजूबाजूचे स्नायू आवळतात आणि जो सैलपणा हवा तोच नाहीसा होतो. खालच्या स्वराला हवेचा दाबही कमी लागतो. जास्त हवा सोडली तर घड्या नीट मिटत नाहीत आणि आवाज फुसका येतो. गुरुजन 'आवाजात वारा आहे' म्हणतात तो हाच. आणि दुसऱ्या टोकाला फारच खाली गेले की दाराच्या बिजागरीसारखी करकर सुरू होते. ती आली की आपली हद्द संपली असे समजावे. करकरीला स्वर मानू नये.

मग मेहनतीने आवाज किती खाली जातो? याचे उत्तर प्रामाणिकपणे द्यायचे तर, थोडाच. वाढ पूर्ण झाल्यावर स्वरतंतूंची लांबी बदलत नाही. रशियातल्या चर्चमध्ये अतिखालच्या स्वरात गाणारे पुरुष प्रसिद्ध आहेत, पण तो आवाज मुळात जन्माने मिळालेला असतो, मेहनत त्यावर नंतर चढते. खर्जसाधनेने एखादा-दुसरा स्वर वाढेल. खरा लाभ निराळा आहे. जे स्वर आपल्याजवळ आहेत पण थरथरतात, विरून जातात, कोणाला ऐकू येत नाहीत, ते भरीव होतात. शेत तेवढेच राहते, बांध सरकत नाही, पण पडीक पट्टा लागवडीखाली येतो.

खर्जाने वरचे स्वरही आपोआप सुटतात असे पुष्कळ गवई सांगतात. मला हे अर्धे खरे वाटते. खाली सैल राहण्याची सवय लागली की वर जाताना माणूस कमी आवळतो, इतपत अनुभव मलाही आला. पण वरच्या स्वरांसाठी वरचीही मेहनत करावीच लागते. नुसता खर्ज भरून कोणाला तार पंचम मिळाल्याचे मी पाहिले नाही. आवाजाचा असा शास्त्रशुद्ध विचार आपल्या महाराष्ट्रात प्रा. बी. आर. देवधर (१९०१-१९९०) यांनी आणि पुढे मुंबई विद्यापीठाच्या संगीत केंद्राचे पहिले संचालक डॉ. अशोक दा. रानडे (१९३७-२०११) यांनी केला. देवधर हे कुमार गंधर्वांचे गुरू. मोठ्या गवयांचे आवाज ते कान देऊन तपासत असत.

पहाटेची वेळ का, असा प्रश्न कोणी विचारील. मीही विचारला होता, कारण पहाटे उठणे मला फार जड जाते. रात्रभर आडवे पडल्याने स्वरतंतूंना किंचित सूज असते आणि स्नायू न वापरल्याने ढिले असतात. त्यामुळे उठल्या उठल्या प्रत्येकाचा आवाज जरा जाडच असतो. तेव्हा खालचे स्वर हाताशी असतात. दहा-अकरा वाजेपर्यंत बोलून बोलून तो लाभ निघून जातो. म्हणजे जुन्या लोकांनी ब्राह्ममुहूर्ताचा आग्रह धरला तो केवळ पुण्यासाठी नव्हे.

माझी पद्धत बाईंनी घालून दिलेली आहे. ती अशी. उठल्यावर कोमट पाणी प्यायचे. चहा मागाहून. मांडी घालून, पाठ ताठ ठेवून, पण खांदे सोडून बसायचे. तंबोरा आमच्या घरी नाही, मोबाईलमधला लावते. प्रथम गायचेच नाही. लहान मुले एस.टी. चालवण्याचा खेळ खेळताना ओठांची फुर्रर्र करतात ना, तशी फुर्रर्र करीत सा पासून खाली घसरत यायचे, पाच-सहा वेळा. हे बाईंनी सांगितले तेव्हा आम्ही दोघी मैत्रिणी हसत सुटलो होतो. पण ओठ जवळजवळ मिटलेले असले की आतल्या हवेचा उलटा दाब स्वरतंतूंना आधार देतो आणि ते न घासता हलतात. हेच काम पेल्यात पाणी घेऊन, त्यात नळी बुडवून 'ऊ' म्हणण्यानेही होते. परदेशात आवाजाचे डॉक्टर रोग्यांना हा व्यायाम देतात. नंतर तोंड मिटून गुणगुणायचे, त्याला मुकार म्हणतात. छातीवर तळहात ठेवला तर हाताला कंप जाणवतो.

येथे एक जुनी गोष्ट आठवते. तेराव्या शतकात आपल्या देवगिरीला, यादवांच्या सिंघण राजाच्या पदरी शार्ङ्गदेव होता. त्याच्या 'संगीतरत्नाकर' ग्रंथात मंद्राचे स्थान हृदय, मध्याचे कंठ आणि ताराचे मस्तक असे सांगितले आहे, आणि प्रत्येक पुढचे सप्तक मागच्याच्या दुप्पट असल्याचेही. (त्याच सिंघणाच्या ज्योतिषाच्या, म्हणजे भास्कराचार्यांच्या नातवाच्या मठाचा शिलालेख आपल्या चाळीसगावजवळ पाटण्याला आहे. देवगिरी आपल्याला वाटते तितकी परकी नाही.) आवाज निघतो स्वरयंत्रातूनच, हृदयातून नव्हे. पण मंद्राचा कंप छातीत जाणवतो हे हात ठेवून कोणीही पाहावे.

यानंतर खरी मेहनत. मध्य सा वर आकार लावून स्थिर व्हायचे. मग मंद्र निषादावर उतरायचे आणि श्वास पुरेल तोवर थांबायचे. पुन्हा सा वर यायचे. असे प्रत्येक स्वरावर चार-पाच वेळा, मग पुढचा खालचा स्वर. घाई करायची नाही. मी पहिले तीन आठवडे निषाद आणि धैवत यांच्याखाली गेलेच नाही. 'आ' उघडा लागला की खाली वारा येतो, म्हणून प्रथम 'ओ' किंवा 'ऊ' घ्यायचा आणि स्वर भरला की हळूच 'आ'कडे उघडायचा. ओंकार म्हणतात तोही याला सोयीचा, कारण त्यात 'ओ' आहे आणि शेवटी मुकार आहे. मग पलटे: सा नि सा, सा नि ध नि सा, सा नि ध प ध नि सा. हे तुटक म्हणायचे नाहीत, मींडेने, एका स्वरातून दुसऱ्यात ओघळत जायचे. उडी मारली की गळा आवळतो. शेवटी एखाद्या रागाचा आलाप. पुरियाचा जीव मंद्रात आहे, दरबारी कानडा मंद्रावाचून उभा राहत नाही. त्यांच्या वेळा पहाटेच्या नव्हेत हे मला माहीत आहे, पण मेहनतीला बाई तेवढी सूट देतात. एरवी भैरव.

हे सगळे वीस-पंचवीस मिनिटांत आटोपायचे. आवाज मोठा करायचा नाही, शेजारच्या खोलीत ऐकू गेला तरी पुरे. अर्थात पत्र्याच्या घरात शेजारची खोली म्हणजे अर्धी गल्ली. पहिल्याच आठवड्यात शेजारच्या काकूंनी माझ्या आईला काळजीने विचारले होते, "म्हैस बिमार शे का?" आईने सांगितले, "पोर अभ्यास करस."

सुरुवातीला माझा मंद्र धैवत चार सेकंदांत विरून जाई. मी घड्याळ लावून वहीत लिहीत असे. चौदा महिन्यांनंतर मंद्र पंचम बारा सेकंद टिकतो आणि घरातल्या पितळी हंड्यात घुमतो. याहून खाली मध्यमावर करकर आहे. ती माझी हद्द.

काही पथ्ये सांगणे अवश्य आहे. सर्दी-खोकला असताना खर्ज भरू नये. घसा दुखला तर त्याच क्षणी थांबावे. व्यायामाने पाय दुखतात तसे गळा दुखणे चांगले नव्हे. ज्वारी-बाजरीच्या दिवसांत आम्ही मुली माळ्यावर उभ्या राहून पाखरे हाकतो, लग्नात ओरडून ओरडून बोलतो. सतत ओरडल्याने स्वरतंतूंवर गाठी येऊ शकतात, आणि हे शिक्षक, फेरीवाले यांच्यातही दिसते. पाखरांसाठी आता मी पत्र्याचा डबा वाजवते. आवाज तीन आठवड्यांहून अधिक बसलेला राहिला तर हळद-गुळण्यांवर न थांबता कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवावे.

राहता राहिला पट्टीचा प्रश्न. तो गळ्यातला नाही, गावातला आहे. आमचे अण्णा भजनी मंडळात मृदंग वाजवतात. गेल्या आषाढात त्यांनीच मंडळापुढे विषय काढला की पोरीला एक अभंग म्हणू द्या. पेटीवाले काका म्हणाले, "पांढरी चार धरली तर भजन झोपेल." अण्णा काही बोलले नाहीत, त्यांनी मृदंगाच्या धुमाला कणीक लावायला घेतली. काकांनी मग पट्टी उतरवली. भजन झोपले की नाही हे मी सांगणे बरे नव्हे. सध्या तडजोड अशी आहे की पहिले दोन अभंग माझ्या पट्टीत होतात, त्यानंतर पेटी पुन्हा काळी चारवर जाते आणि मी टाळ घेते.